नवोदय, सैनिकी शाळेची प्रवेश परीक्षा: अभ्यासाबरोबर मुलाची तब्येतही तपासा

दिवाळी संपली की आमच्या महाडच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. पाचवीतली मुलं, सोबत आई किंवा आजोबा. तक्रार डोकेदुखीची, पोटदुखीची, नाहीतर "डॉक्टर, याचं अभ्यासात लक्षच नाही" अशी. थोडं विचारलं की कळतं, नवोदयची परीक्षा जवळ आलेली आहे.

गेल्या वर्षी शिवथरच्या बाजूने एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी गणितात चांगली, पण आकृत्यांचे प्रश्न हमखास चुकायचे. चार आकृत्यांपैकी वेगळी कोणती, या प्रश्नात तिला चारही सारख्याच वाटायच्या. "लक्ष देत नाही" म्हणून आईने दोन-चार धपाटेही घातले होते. डोकं दुखतं म्हणून आणली होती, म्हणून नजर तपासली. दोन्ही डोळ्यांना मोठा सिलिंड्रिकल नंबर निघाला. असा नंबर असेल तर दूरचं आणि जवळचं दोन्ही धूसर दिसतं, आणि उभी रेघ व आडवी रेघ सारखी स्पष्ट दिसत नाही. आकृत्यांच्या प्रश्नात तर सगळा खेळ रेघांचाच असतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

या मुलीला आपल्याला कमी दिसतं हे माहीतच नव्हतं. लहानपणापासून जग तसंच दिसत असेल तर मूल तक्रार कशाची करणार? म्हणून हा लेख. प्रश्नसंच आणि क्लास यांवर आपण बराच पैसा आणि वेळ घालवतो. तपासण्या त्यामानाने खूप स्वस्त आहेत, आणि बऱ्याचशा सरकारी रुग्णालयात फुकट होतात.

परीक्षा कशी असते, आणि तब्येतीचा संबंध कुठे येतो

रायगड जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं घेतली जातात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, म्हणजे मुख्यतः आकृत्यांचे. बाकी अंकगणित आणि भाषा, प्रत्येकी २० प्रश्न. पेपर मराठीतून देता येतो. उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे असतात.

हिशेब केला तर एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. ज्या मुलाला बारीक रेघ नीट दिसत नाही, त्याचं यातलं अर्धं मिनिट डोळे बारीक करण्यातच जातं. गोल रंगवताना एक ओळ सरकली तर पुढची सगळी उत्तरं चुकतात. आणि सहावीची ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाची एक सकाळ एवढी महाग असल्यावर त्या सकाळी त्याचं शरीर त्याच्या विरोधात जाऊ नये, एवढं तरी आपण पाहू शकतो.

डोळे: पाचवीच्या सुरुवातीलाच

मूल पुस्तक नाकाजवळ धरतं, डोळे चोळतं, मान तिरकी करून वाचतं, वाचताना ओळ चुकते, संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणतं. यातलं काहीही दिसलं तर नजर तपासा. काहीच दिसलं नाही तरी तपासा. शाळांमध्ये वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते मुलांची नजरही पाहतं. तुमचं मूल त्या दिवशी गैरहजर असेल तर ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे न्या. शाळकरी मुलांना सरकारी कार्यक्रमातून चष्मे मोफत देण्याची सोय आहे, तीही विचारा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. भिंतीवरचा तक्ता वाचता आला म्हणजे डोळे ठीक, असं नेहमीच नसतं. प्लस नंबरची मुलं दूरचं छान वाचतात आणि जवळच्या कामाने थकतात. त्यामुळे "जवळचंही तपासा" असं स्वतःहून सांगा. लहान मुलांचा नंबर काढताना बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. या थेंबांनी काही मुलांना दिवसभर, तर काही औषधांनी आठवड्याहून जास्त काळ जवळचं धूसर दिसतं. म्हणून ही तपासणी परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत करू नका. नवा चष्मा सरावायलाही आठवडा-दोन आठवडे लागतात. वरच्या मुलीच्या बाबतीत आम्ही जेमतेम वेळेत होतो.

चष्म्याबद्दल अजूनही घरात कुरकुर होते, विशेषतः मुलीचा असेल तर. "आतापासून लावला तर नंबर वाढेल," असं आजी म्हणतात. चष्म्याने नंबर वाढत नाही. उलट एका डोळ्याला मोठा नंबर असून तो लहानपणी लावला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पुढे मोठेपणी चष्मा लावूनही ती नजर पूर्ण येत नाही.

कान

आपल्याकडे पावसाळा चार महिने आणि सर्दी जवळजवळ तेवढीच. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठून राहिलं की मुलाला ऐकू कमी येतं. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारली की "हं?" करतो, शुद्धलेखनात सारखे उच्चार असलेली अक्षरं चुकवतो. अशा मुलाला वर्गात मागे बसवलं असेल तर तो आळशी ठरतो. ज्याचा कान वाहतो त्याला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. कानात तेल, लसणीचा रस काहीही घालू नका. कान वाहत असेपर्यंत नदीत, डोहात पोहणं बंद.

रक्त कमी असणं

पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, बारा ते चौदा वर्षांत ही रेषा १२ ची आहे. रक्त कमी असलेलं मूल नेहमी फिकट दिसेलच असं नाही. ते लवकर थकतं, चिडचिड करतं, दुपारच्या तासाला पेंगतं, माती किंवा खडू खातं. लोह मेंदूच्या कामालाही लागतं, त्यामुळे लक्ष टिकणं कमी होतं.

शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. ती मुलं गपचूप फेकून देतात, हे तुम्हाला आणि शिक्षकांना दोघांनाही ठाऊक आहे. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून फेकतात. जेवणानंतर द्या. शी काळी होईल, घाबरू नका. जंताची गोळीही वेळच्या वेळी घ्या. खाण्यात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला, सुकट हे सगळं घरचंच आहे. सोबत लिंबू किंवा आवळा असला की लोह चांगलं शोषलं जातं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. मात्र रक्तक्षय ठरला असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही, रोज औषध घ्यावं लागतं आणि ते तीन महिने तरी चालतं. परीक्षा हिवाळ्यात असेल तर रक्त गणपतीच्या आसपास तपासायला हवं.

झोप, प्रवास आणि त्या दिवशीची औषधं

या वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री साडेदहाला झोपवून पहाटे चारला उठवणारे पालक मला दरवर्षी भेटतात. अभ्यासाचे दीड तास वाढतात, पण दिवसभरात वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याची वेळ झोपेचीच असते. पहाटेचा अभ्यास हवाच असेल तर मूल रात्री साडेआठला झोपलं पाहिजे. घरात टीव्ही चालू असताना ते होत नाही, हेही तितकंच खरं.

परीक्षेचं केंद्र महाडला किंवा आणखी लांब असेल तर शिवथर, वरंध, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून वळणावळणाने यावं लागतं. बऱ्याच मुलांना गाडी लागते. इथे एक चूक होते. कोणीतरी सकाळी उलटी थांबायची गोळी देतं. यातल्या नेहमीच्या गोळ्यांनी गुंगी येते आणि मूल पेपरात जांभया देत बसतं. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांचंही तेच. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा, नजर समोर रस्त्यावर ठेवायला सांगा, मोबाईल किंवा पुस्तक देऊ नका. उपाशी नेऊ नका, तुडुंब खायलाही घालू नका. मऊ भात, भाकरी-चटणी, केळं असं थोडं. जमल्यास आदल्या दिवशी महाडला नातेवाइकांकडे मुक्काम करा. दम्याचा पंप किंवा फिटची गोळी चालू असलेल्या मुलाने मात्र ती नेहमीच्या वेळी घ्यायचीच.

"स्मरणशक्तीचं टॉनिक लिहून द्या," हीही एक नेहमीची मागणी. मी लिहून देत नाही. निरोगी मुलाची स्मरणशक्ती बाटलीतल्या औषधाने वाढते याला भक्कम पुरावा नाही.

परीक्षेच्या तोंडावरचं पोट

पोटदुखी खोटी नसते. ताण आला की आतड्याची हालचाल बदलते आणि पोट खरोखर दुखतं. बेंबीभोवती दुखणं, सकाळी शाळेच्या वेळी जास्त, रविवारी नाही, खेळताना विसरतं, असं असेल तर बहुधा ताणाचंच असतं. "नाटकं करतो" म्हटल्याने ते वाढतं. पण दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, दुखणं बेंबीपासून दूर एकाच जागी असेल, वजन घटत असेल, शीतून रक्त, हिरवी उलटी किंवा ताप असेल, लघवीला जळजळ असेल तर परीक्षेचं कारण धरून थांबू नका.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ ला तळियेची दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्याच पावसात महाड पाण्याखाली गेलं. तेव्हा लहान असलेली कित्येक मुलं आजही जोराच्या पावसात रात्री झोपत नाहीत. वर्गात हरवल्यासारखं बसणं, दचकणं, एकटं न राहणं ही त्याची लक्षणं असू शकतात. अशा मुलाला "लक्ष नाही" म्हणून ओरडण्याआधी एकदा मानसोपचार तज्ज्ञांशी बोला. निवासी शाळेत जायचं तर हे आधी होणं बरं.

हुशार आहे, पण वाचता येत नाही

काही मुलं तोंडी सगळं सांगतात, हिशेब मनात करतात, पण वाचायला लावलं की अडखळतात. जोडाक्षरं सुटतात, फळ्यावरून उतरवायला दुप्पट वेळ लागतो. डोळे-कान ठीक, शिकवणी नियमित, तरी पाचवीत दुसरीइतकंच वाचन. अशा वेळी अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण आहे का, हे पाहायला हवं. याचा बुद्धी कमी असण्याशी संबंध नाही. ही मुलं सर्वसाधारण किंवा त्याहून चांगल्या बुद्धीची असतात. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं मात्र त्यांना जड जातं.

अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्ये सुरुवात करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण दिव्यांगत्वाच्या यादीत आली. प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं आणि पुढे १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. नवोदयच्या परीक्षेत सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असलेल्या दिव्यांग मुलांना ४० मिनिटं जादा मिळतात. दोन तासांच्या पेपरात ४० मिनिटं ही किरकोळ गोष्ट नाही.

अडचण अशी की तपासणीची सोय तालुक्याला नाही. मुंबईत शीव, नायर, केईएम या महापालिका रुग्णालयांत यासाठी केंद्रं आहेत, पण मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ, विशेष शिक्षक असं सगळ्यांनी पाहून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत चार-पाच खेपा होतात. शिवथरहून मुंबईच्या चार-पाच खेपा म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी गेली. तरीही संशय असेल तर तिसरी-चौथीतच जा, असं मी सांगतो. पाचवीच्या दिवाळीनंतर सुरू केलं तर परीक्षेपर्यंत हाती काही येत नाही.

निवासी शाळा आणि अंथरूण ओलं होणं

याबद्दल पालक शेवटच्या मिनिटाला, दार लोटून, हळू आवाजात बोलतात. दहाव्या वर्षी साधारण वीस मुलांमागे एक मूल झोपेत अंथरूण ओलं करतं. म्हणजे ८० मुलांच्या तुकडीत अशी चार मुलं असणं अगदी शक्य आहे. तो आळस नाही, मुद्दाम केलेलं तर नाहीच. झोप गाढ असते आणि भरलेल्या मूत्राशयाची सूचना मेंदूपर्यंत पोचत नाही. बऱ्याचदा वडिलांनाही लहानपणी हाच त्रास असतो, ते कबूल करायला वेळ लागतो इतकंच.

शिक्षा करू नका, इतरांसमोर बोलू नका. दिवसा भरपूर पाणी, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी, झोपताना लघवीला जाऊन येणं, आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यावर उपचार, एवढ्यानेही बराच फरक पडतो. अंथरूण ओलं होताच वाजणारा अलार्म मिळतो. तो दोन-तीन महिने नेटाने वापरावा लागतो. काही मुलांना डॉक्टर गोळी देतात. ती घेतल्यावर रात्री पाणी प्यायचं नसतं, हा नियम कडक आहे. जे मूल आधी कोरडं राहत होतं आणि आता पुन्हा सुरू झालं, किंवा ज्याला तहान खूप आणि वजन घटतंय, त्याची लघवी आणि रक्तातली साखर त्याच दिवशी तपासा.

निवड झाल्यावर हे लपवून मुलाला वसतिगृहात पाठवू नका. गृहप्रमुखांना आणि तिथल्या परिचारिकेला खाजगीत सांगा. लपवलेलं पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं, आणि चिडवाचिडवीमुळे मूल घरी परत येतं. दहाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल तर तीही घ्या.

साताऱ्याची सैनिकी शाळा

आंबेनळी घाट चढून जाणारी काही मुलं साताऱ्याच्या सैनिक स्कूलसाठी तयारी करतात. ही १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिकी शाळा. इथे लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणीही असते. नजर, रंगांची ओळख, कान, दात, पाय, सगळं पाहतात. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त असतो आणि घरी कोणाला पत्ता नसतो. वर्षभर तयारी करून शेवटी त्यावर अडण्यापेक्षा अर्ज भरण्याआधीच रंगांच्या पुस्तकावर तपासून घ्या. दोन मिनिटं लागतात.

पुण्या-मुंबईच्या आणि आखातातल्या इंटरनॅशनल शाळा

महाड तालुक्यातली बरीच घरं आखातात आहेत, तिथून मुलांचे अहवाल मोबाईलवर मला दाखवले जातात. ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत प्रवेशाच्या वेळी कॅट-फोर नावाची चाचणी घेतात. तिचे चार भाग: शब्द, अंक, आकृत्या आणि अवकाशाची कल्पना. गुण वयानुसार बसवलेले असतात. १०० म्हणजे त्या वयाची सरासरी, आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. एका आजोबांनी विचारलं, "नातवाला शंभरात अठ्ठ्याऐंशी, मग तरी का नाकारलं?" ते शंभरातले गुण नव्हतेच.

शब्दांचा भाग कमी आणि आकृत्यांचा चांगला, असा अहवाल मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा असेल तर त्याचा अर्थ बहुधा इंग्रजी अजून रुळलेली नाही एवढाच असतो. त्यावरून मुलाची बुद्धी ठरवू नका. चारही भाग अनपेक्षितपणे खाली असतील तर पुन्हा तेच: डोळे, कान, झोप.

आणि सहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घेताना आपल्याकडची शाळा परीक्षा किंवा मुलाखत घेत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ लक्षात ठेवा. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला त्यात मनाई आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. नवोदय आणि सैनिकी शाळा या कायद्यात वेगळ्या प्रवर्गात धरल्या आहेत.

निकालानंतर

निवड न झालेली मुलं निवड झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. चार-आठ दिवस रडणं, गप्प राहणं साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही मूल खेळत नसेल, जेवत नसेल, रात्री झोपत नसेल, "मी कशालाच उपयोगाचा नाही" असं म्हणत असेल तर डॉक्टरांना भेटा. मरणाची भाषा केली तर एक दिवसही थांबू नका आणि मुलाला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतून बोलता येतं.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीची निवड झाली नाही. उन्हाळ्यात ती नंबर पुन्हा तपासायला आली, तेव्हा आईने नववीचं विचारलं. नवोदयमध्ये नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते आणि आठवीत असताना अर्ज भरता येतो. नंबर थोडा बदलला होता, काचा बदलून दिल्या. पुढची तपासणी वर्षभराने.